मोटारींच्या राज्यातलं घोड्यांचं बेट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं पोट मोटारीवर चालतं. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या तिन्ही कंपन्या डेट्रॉईटच्या आसपास वाढल्या. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या कित्येक मराठी इंजिनिअरांच्या घरची चूलही याच धंद्यावर पेटते. माझी भाची त्यांतलीच एक. तिचा दिवस ब्रेकच्या चाचण्यांत जातो. आणि याच राज्यातलं सुटीसाठी सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण असं, की तिथे मोटार न्यायलाच बंदी. मॅकिनॉ बेट. बंदीही आजकालची नव्हे, १८९८ सालची. हेन्री फोर्डची कंपनी निघाली १९०३ मध्ये. मोटारीने जग काबीज करायच्या आधीच या बेटाने तिला धक्क्यावरून परत पाठवलं होतं.

डेट्रॉईटहून आय-७५ हा हमरस्ता उत्तरेकडे जातो. चार-साडेचार तासांचा सपाट, झाडीतून जाणारा, थोडा कंटाळवाणाच प्रवास. मिशिगन राज्य दोन तुकड्यांचं आहे. खालचा द्वीपकल्प आणि वरचा द्वीपकल्प, मधे मॅकिनॉची सामुद्रधुनी. मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन महासरोवरं इथे एकमेकांना मिळतात. सामुद्रधुनीवर १९५७ मध्ये पूल झाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ किलोमीटरचा. बेट त्या पुलाच्या पूर्वेला, ह्युरॉनच्या पाण्यात, आणि त्याला पूल नाही. अलीकडच्या मॅकिनॉ सिटीहून किंवा पलीकडच्या सेंट इग्नेसहून बोटीने जायचं.

बोटीच्या धक्क्यामागे मोटारी उभ्या करायची मैदानं आहेत. "मावशी, छत्री, स्वेटर, पाणी, सगळं आत्ताच काढून घे. मग गाडी हाताशी नाही," भाचीने बजावलं. अमेरिकेत गाडी हे दुसरं कपाट असतं, त्यामुळे ही सूचना तिथल्या माणसाला खरोखर द्यावी लागते. आपल्याला लागत नाही.

बोट वीसेक मिनिटांत बेटाला लावते. या वीस मिनिटांत माझं नाक गोंधळलेलं होतं. डोळ्यांपुढे समुद्रच: क्षितिज, लाटा, मालवाहू जहाजं, बोटीमागे लागलेले सीगल. पण खारेपणाचा मागमूस नाही. कोकणात वाढलेल्या नाकाला हे पाणी अर्धवट वाटतं. उजव्या हाताला राउंड आयलंडचं लाल-पांढरं दीपगृह लागतं, १८९५ सालचं. तिथून पुढे बेट उघडं होतं. खाली लाकडी घरांचं गाव, डावीकडे टेकाडावर ग्रँड हॉटेलची लांबच लांब पांढरी ओसरी, आणि मधोमध कड्यावर पांढऱ्याच तटाचा किल्ला.

धक्क्यावर उतरल्याबरोबर पहिला वास येतो लिदीचा. दुसरा, त्याच्या पाठोपाठ, उकळत्या साखर-लोण्याचा. माहितीपत्रकांत फक्त दुसऱ्याचा उल्लेख असतो.

दुसऱ्या वासाचं आधी उरकून टाकते. मेन स्ट्रीटवर ओळीने फजची दुकानं आहेत. उकळतं मिश्रण संगमरवरी फरशीवर ओतायचं, लांब उलथन्याने गोळा करत, वळवत त्याची जाड लादी करायची आणि तुकडे पाडायचे, हे सगळं काचेसमोर, गिऱ्हाइकांच्या देखत. खाल्ल्यावर चॉकलेट घालून आटवलेल्या खव्याची आठवण होते, पण साखर दुपटीने. मर्डिक कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा इथे सुरू केला, आणि आता सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांना स्थानिक लोक 'फजी' म्हणतात. शब्दात कौतुक कमी आणि कपाळावरची आठी जास्त. उन्हाळी दुपारी या रस्त्यावर चालणारे, सायकलवाले आणि घोडागाड्या यांची अशी दाटी होते, की मोटारी नसल्याचा आनंद घ्यायला फुरसत मिळत नाही. बहुसंख्य पाहुणे याच दोन-तीन चौकांत दिवस घालवून परत जातात. बेट मात्र या रस्त्याच्या मागे आहे.

बेट आहे केवढं? जेमतेम दहा चौरस किलोमीटर. त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग राज्याचं उद्यान. बारमाही राहणारी माणसं पाचसहाशे, उन्हाळ्यातले घोडेही साधारण तेवढेच, आणि हंगामात येणारे पाहुणे दहा लाखांच्या घरात. या तीन आकड्यांचं गणित बसवणं म्हणजेच या बेटाचा कारभार.

बंदी आली ती घोड्यांच्या भल्यासाठी, खरं तर घोडेवाल्यांच्या. धूर सोडत, फटफटत येणारी बिनघोड्याची गाडी पाहून घोडी बिथरत. गाडीवाल्यांनी तक्रार केली आणि गावाच्या पंचांनी जुलै १८९८ मध्ये ठराव करून टाकला. १९०१ मध्ये उद्यानाच्या हद्दीतही तोच नियम लागू झाला. तेव्हा हे पर्यावरणाचं शहाणपण वगैरे नव्हतं, सरळ पोटापाण्याचं भांडण होतं. जगात अशी भांडणं ठिकठिकाणी झाली असतील. सगळीकडे शेवटी मोटार जिंकली, इथे घोडेवाले. सव्वाशे वर्षांनी त्याच भांडणाच्या निकालावर अख्ख्या बेटाचा धंदा उभा आहे.

आणि घोडे म्हणजे पाहुण्यांना फिरवणाऱ्या बग्ग्या एवढंच नव्हे. सकाळी लवकर धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर खरं चित्र दिसतं. बोटीतून उतरलेली पिठाची पोती, दुधाचे क्रेट, हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे, फ्रीज, सिमेंट, कुरिअरची खोकी, सगळं सपाट मालगाड्यांवर चढतं आणि दोन-दोन घोडे ते ओढत चढणीला लागतात. हे पर्चरॉन आणि बेल्जियन जातीचे घोडे, एकेकाचं वजन आठ-नऊशे किलो, पायांचे खूर थाळीएवढे. गावातला कचराही घोडागाडीनेच जातो. रस्त्यावरची लीद उचलायला दिवसभर माणसं फिरत असतात. तिचं खत करून बागांना घालतात, आणि इथली फुलं इतकी टवटवीत का, याचं उत्तर तिथे मिळतं. ऑक्टोबर संपला की बहुतेक घोडे बोटीत बसून मुख्य भूमीवरच्या शेतांवर हिवाळा काढायला जातात आणि वसंतात परत येतात.

मराठी माणसाला इथे माथेरान आठवणारच. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पाय नाहीतर घोडा. तिथेही वाहनबंदी आहे, २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा आहे. पण माथेरानला ओझं शेवटी माणसाच्या अंगावर आलं. हातरिक्षा माणूस ओढायचा. ई-रिक्षा चालवाव्यात की नाही, रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, हे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मॅकिनॉत रस्ते डांबरी आहेत, मालवाहतुकीला अवजड जातीचे घोडे आहेत, आणि रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना बंदीतून सूट आहे. वाहन नको म्हणायचं तर त्याच्या वाट्याचं काम कोण करणार हे आधी ठरवावं लागतं. इथे ते ठरलेलं आहे, म्हणून मोटारीविना दिवस सुरळीत चालतो. अर्थात घोड्यांसाठी गाडीवान, मोतद्दार, नालबंद लागतात आणि हॉटेलांना वाढपी, सफाईवाले. ही माणसं हंगामापुरती बाहेरून येतात. त्यांत जमैकाहून येणाऱ्यांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. बेटाचा निवांतपणा बराचसा त्यांच्या धावपळीवर चालतो.

नियम किती मनाला लावून घेतलेला आहे याचा एक किस्सा. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड इथे आले तेव्हा घोडागाडीतून फिरले. (मोटारवाल्या फोर्डशी त्यांचं नातं नाही, मात्र १९२९ च्या उन्हाळ्यात हेच फोर्ड शाळकरी वयात स्काउट म्हणून इथल्या किल्ल्यावर पाहुण्यांना वाट दाखवत असत.) २०१९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आले ते आठ मोटारींचा ताफा घेऊन. सुरक्षेचं कारण होतं, परवानगीही होती. तरी राज्यभर टीकेचा धुरळा उडाला.

बेटाला वळसा घालणारा रस्ता हा राज्य महामार्ग आहे, क्रमांक एम-१८५. लांबी तेरा किलोमीटरच्या आसपास. मोटारी नसलेला अमेरिकेतला हा एकमेव राज्य महामार्ग. पाण्याच्या अगदी कडेने जातो, जवळपास सपाट आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं सायकलला हात न लावलेल्या माणसालाही जमतो. सायकली धक्क्याजवळ भाड्याने मिळतात. जोडसायकल, लहान मुलासाठी मागे डबा जोडलेली सायकल, सगळे प्रकार. दमदार माणूस तासाभरात फेरी पुरी करील, पण त्यात हशील काही नाही. पूर्वेकडून सुरुवात करावी, म्हणजे सकाळचं ऊन पाण्यावर असतं आणि परतीला पश्चिम किनाऱ्यावरून तो लांबलचक पूल समोर दिसत राहतो. गाव मागे पडलं की पाच मिनिटांत गर्दी ओसरते. एका बाजूला सीडरची झाडी चढत गेलेली, दुसऱ्या बाजूला गोट्यांचा किनारा. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजून घ्यावेत. पोहणारे थोडेच, जूनमध्ये त्या पाण्यात पाय घातला तर हाडापर्यंत कळ जाते. पश्चिमेला गावाच्या थोडं अलीकडे 'डेव्हिल्स किचन' नावाची गुहा लागते. नावाचा दबदबा मोठा, गुहा लहानशी. थांबला नाहीत तरी चालेल.

उत्तर टोकाला मात्र थांबायला हवं. या जागेला 'ब्रिटिश लँडिंग' म्हणतात, आणि किल्ल्याची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

किल्ला बांधला इंग्रजांनीच, १७८० च्या सुमारास, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत. समोरच्या भूमीवरचा जुना लाकडी किल्ला त्यांना भरवशाचा वाटेना, म्हणून पॅट्रिक सिंक्लेअर या किल्लेदाराने सगळं ठाणंच बेटावरच्या कड्यावर हलवलं. युद्धानंतरच्या तहाने किल्ला अमेरिकेला मिळायचा होता, प्रत्यक्ष ताबा मिळाला १७९६ मध्ये. मग १८१२ चं युद्ध आलं. अमेरिकेने १८ जूनला इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं, पण ही बातमी आपल्याच या दूरच्या किल्लेदाराला कळवायची राहून गेली. लेफ्टनंट पोर्टर हँक्सकडे शिबंदी साठेक माणसांची. तिकडे सेंट जोसेफ बेटावरच्या इंग्रज कप्तान रॉबर्ट्सला बातमी वेळेवर पोचली होती. त्याने थोडे शिपाई, बरेच कॅनडातले नावाडी आणि त्याहून अधिक मूळनिवासी योद्धे जमवले आणि १७ जुलैच्या पहाटे या उत्तर टोकाला गुपचूप उतरला.

तोफ ओढत त्यांनी रान ओलांडलं आणि किल्ल्यामागच्या उंचवट्यावर नेऊन बसवली. हँक्सचा किल्ला तोंड करून होता बंदराकडे. पाठ मोकळी, आणि पाठीवर त्याच्याहून उंच टेकडी. पुरंदर ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. फरक एवढाच, की पुरंदर लढला. हँक्सने एकही गोळी न झाडता किल्ला खाली करून दिला. युद्ध सुरू झाल्याचं त्याला शत्रूच्याच निरोपातून कळलं. पुढे महिन्याभरात, या शरणागतीच्या चौकशीची वाट पाहत तो डेट्रॉईटच्या किल्ल्यात असताना, इंग्रजांच्या तोफगोळ्याने मारला गेला.

दोन वर्षांनी, ४ ऑगस्ट १८१४ ला, अमेरिकनांनी तीच युक्ती उलटवून पाहिली. आधी गलबतांवरून मारा केला तर तोफांची तोंडं कड्याच्या उंचीपर्यंत वर होईनात. मग त्याच उत्तर टोकाला उतरून रानातून चाल केली. या वेळी इंग्रज आणि त्यांचे मूळनिवासी साथी वाट पाहतच होते. मेजर अँड्र्यू होम्स पडला, हल्ला फसला. शेवटी १८१५ मध्ये तहानेच किल्ला परत मिळाला. बेटाच्या सर्वांत उंच जागेवर इंग्रजांनी बांधलेल्या छोट्या गढीला नंतर या होम्सचं नाव दिलं; ती २०१५ मध्ये पुन्हा उभारली आहे. तिथवर चढून जाणारे थोडे, त्यामुळे शांतता भरपूर आणि सामुद्रधुनी दोन्ही अंगांनी दिसते. लढाईच्या मैदानावर आता गोल्फ खेळतात. तेही १८९८ पासून.

मुख्य किल्ल्यात चौदा मूळ इमारती शाबूत आहेत. अधिकाऱ्यांची दगडी कोठी १७८० ची, मिशिगनमधली सर्वांत जुनी इमारत. जुन्या गणवेशातले लोक बंदुका-तोफा उडवून दाखवतात. मुलं खूश होतात, मोठी माणसं फोन वर धरून उभी राहतात. मला जास्त आवडली ती कोठीची तटावरची चहाची जागा. चहा यथातथा, पण खाली बंदर, शिडाच्या होड्या आणि पलीकडे दीपगृह.

किल्ल्याखालच्या मार्केट स्ट्रीटवर एक छोटं संग्रहालय आहे. बहुतेक लोक त्याच्या दारावरून पुढे निघून जातात, पण बेटावर एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हे संग्रहालय निवडीन. इथे अमेरिकन फर कंपनीचं दुकान होतं. न्यूयॉर्कच्या जॉन जेकब ॲस्टरची ही कंपनी. बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून त्याने अफाट पैसा केला आणि उत्तरेचा सगळा माल या बेटावरून जायचा. ६ जून १८२२ ला या दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि तिचे छर्रे ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण नावाड्याच्या पोटात शिरले, तेही हातभर अंतरावरून. किल्ल्यावरचा लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट धावत आला. हा जगत नाही, असंच त्याला वाटलं. पण माणूस जगला, फक्त जखम मिटली नाही. जठराची कड कातडीला चिकटून तिथे कायमचं भोक राहिलं, बाहेरून थेट जठरात उघडणारं.

अन्न पोटात गेल्यावर त्याचं नेमकं काय होतं हे तेव्हा वैद्यकाला ठाऊक नव्हतं. जठर दळतं, असं काही म्हणत. शिजवतं, असं काही. ब्यूमाँटच्या समोर खिडकीच उघडी होती. १८२५ मध्ये त्याने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायला सुरुवात केली. तासातासाने ओढून काढायचे, काय विरघळलं ते टिपून ठेवायचं. जठररस काढून कुपीत भरायचा आणि कुपीतही अन्न विरघळतं का हे पाहायचं. विरघळत होतं. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यातून पक्कं झालं, आणि १८३३ मध्ये निघालेलं त्याचं पुस्तक आजही शरीरशास्त्राच्या इतिहासात मानाने सांगितलं जातं.

सेंट मार्टिनला हा मान फारसा मिळाला नाही. तो गरीब, निरक्षर. डॉक्टरच्या घरी लाकडं फोडायची, गड्याची कामं करायची आणि मधूनमधून पोटाचं झाकण उघडून द्यायचं. कंटाळून तो कॅनडाला पळून गेला, पैशाच्या गरजेने परत आला, पुन्हा गेला. ब्यूमाँट १८५३ मध्ये वारला. भोक पडलेला रुग्ण मात्र १८८० पर्यंत जगला. मेल्यावर डॉक्टरांनी देह नेऊ नये म्हणून घरच्यांनी तो सडेपर्यंत पुरला नाही. संग्रहालयात डॉक्टरची कीर्ती आहे. माझं लक्ष सारखं त्या दुसऱ्या माणसाकडे जात होतं.

याच कातड्यांच्या व्यापारातली आणखी एक व्यक्ती म्हणजे मॅडलेन लाफ्राम्ब्वाज. आई ओडावा जमातीची, वडील फ्रेंच. १८०६ मध्ये नवऱ्याचा खून झाला, तेव्हा तिने व्यापार गुंडाळला नाही. होड्या, नावाडी, उधारी सगळं स्वतः सांभाळलं आणि ॲस्टरच्या कंपनीला दखल घ्यावी लागेल इतका वाढवला. उतारवयात लिहा-वाचायला शिकली, गावातल्या मुलांच्या शिक्षणाला हात दिला. सेंट ॲन चर्चजवळ तिची समाधी आहे, शेजारी तिचं घर. घराचं आता हॉटेल झालं आहे.

तिच्या आईच्या लोकांसाठी, म्हणजे ओडावा, ओजिब्वे अशा अनिशिनाबे जमातींसाठी, हे बेट रिसॉर्ट होण्याच्या कितीतरी आधीपासून पवित्र आहे. पाण्यातून वर आलेली कासवाची पाठ, असं ते या बेटाकडे पाहतात. इथे त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत. मार्केट स्ट्रीटवरच्या बिडल हाउसमध्ये २०२१ पासून त्यांच्या इतिहासाचं दालन आहे. अगाथा बिडल ही त्या घरची मालकीण, तीही अनिशिनाबे आणि तीही व्यापारी. दालन छोटं आहे, उशिरा आलं, पण भाबडं नाही. करारांनी जमीन कशी गेली हे त्यात सरळ सांगितलं आहे.

आता रानात शिरू. मेन स्ट्रीटवरून घोडागाडीची सहल निघते. सुरुवातीला दोन घोड्यांची गाडी, वर गेल्यावर तीन घोड्यांची मोठी. गाडीवान विनोद करतात, रोज तेच. गुडघे कुरकुरत असतील तर ही सोय उत्तम; नाहीतर पायी जावं. पायवाटा-रस्त्यांचं जाळं आहे आणि आत हिंडताना टापांचा आवाजही दूर राहतो.

पूर्वेच्या कड्यावर 'आर्च रॉक' ही नैसर्गिक कमान आहे, पाण्यापासून पंचेचाळीस मीटर उंच. खालच्या सायकलरस्त्यावरूनही दिसते, आणि तिथून वर यायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. ही कमान उभी कशी राहिली, यात मौज आहे. या भागात जमिनीखाली मिठाचे थर होते. ते विरघळून पोकळ्या झाल्या, वरचा चुनखडीचा थर त्यांत कोसळला, त्याचा चुरा झाला, आणि पुढे तोच चुरा पाण्यातल्या चुन्याने घट्ट सांधला गेला. हा सांधलेला दगड भोवतालच्या दगडाहून टणक निघाला. हिमयुग संपल्यावर सरोवराचं पाणी आजच्यापेक्षा बरंच वर होतं. लाटांनी मऊ दगड खाल्ला, टणक शिल्लक राहिला. रानाच्या मधोमध तेवीस मीटर उंचीचा 'शुगर लोफ' सुळका उभा आहे, तोही तसाच. झाडीत असा एकटा सुळका पाहून आधी कळत नाही हा आला कुठून. त्याच्या पायथ्याशी एके काळी लाटा फुटत होत्या हे समजलं की बेटाचा आकार डोक्यात नव्याने बसतो.

जवळच 'स्कल केव्ह'. १७६३ मध्ये समोरच्या जुन्या किल्ल्याबाहेर ओजिब्वे लोकांनी चेंडू-काठीचा खेळ मांडला, चेंडू तटाआड गेला, तो आणायला म्हणून खेळाडू आत शिरले आणि बायकांनी पांघरुणांखाली लपवून आणलेली शस्त्रं घेऊन किल्ला जिंकला. त्या कत्तलीतून वाचलेल्या अलेक्झांडर हेन्री या व्यापाऱ्याला त्याच्या वावाटम नावाच्या ओजिब्वे मित्राने नंतर इथे गुहेत लपवलं. रात्र झोपून काढली आणि सकाळी पाहतो तर अंथरूण माणसांच्या हाडांचं! आज ती गुहा म्हणजे खडकातली उथळ खोबण आहे. गोष्ट ठाऊक नसेल तर पाहण्यासारखं काही नाही.

हे रान टिकलं याचं श्रेय १८७५ च्या एका कायद्याला. यलोस्टोननंतरचं अमेरिकेचं दुसरं राष्ट्रीय उद्यान म्हणजे हे बेट, आणि किल्ल्यातले शिपाईच त्याचे राखणदार. १८९५ मध्ये लष्कर गेलं, तेव्हा उद्यान मिशिगनकडे आलं आणि त्या राज्याचं पहिलं उद्यान झालं.

ग्रँड हॉटेलबद्दल लिहिलं नाही तर लोक रागावतील. १८८७ मध्ये दोन रेल्वे कंपन्या आणि एका आगबोट कंपनीने मिळून बांधलं. प्रवासी आणायचे तर त्यांना उतरायला जागा हवी, असा रोकडा हिशेब. दोनशे मीटर लांबीची ओसरी, तिच्यावर पांढऱ्या डुलत्या खुर्च्या आणि लाल जिरेनियमच्या कुंड्या. तिथे राहत नसाल तर ओसरीवर पाय ठेवायलाही पैसे पडतात, आणि संध्याकाळनंतर पुरुषांना कोट-टाय सक्तीचा. १९८० चा 'समव्हेअर इन टाइम' हा सिनेमा इथे चित्रित झाला. त्याचे भक्त दर ऑक्टोबरला जुन्या काळचे कपडे घालून जमतात. इमारत देखणी आहेच, पण ओसरीवरून दिसतं तेच पाणी किल्ल्यावरूनही दिसतं. मी रस्त्यावरून पाहून पुढे गेले.

जायचं तर जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. लायलॅक फुललेला असतो, जांभळा, पांढरा, गुलाबी. इथली काही झाडं एकोणिसाव्या शतकातली, खोडं चांगली जाड. जुलैत शिकागोहून शिडाच्या होड्यांची शर्यत येऊन पोचते, तेव्हा खोली मिळणं कठीण. खाण्यात सरोवराचा व्हाइटफिश घ्यावा; मऊ, सौम्य, मीठ-तिखटाची वाट पाहणारा. शाकाहारी माणसाने डबा न्यावा. मुक्काम महाग आहे, पण शेवटची बोट गेल्यानंतरचं आणि पहिली यायच्या आधीचं बेट पाहायचं तर एक रात्र राहायला हवं. परवडत नसेल तर सेंट इग्नेसला स्वस्तात राहून पहिली बोट पकडावी.

हिवाळ्यात बहुतेक हॉटेलं बंद, घोडे थोडेच उरलेले, आणि बंदीलाही तेवढ्यापुरती मुरड: बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलना परवानगी असते. पाणी पुरेसं गोठलं की लोक सेंट इग्नेसपर्यंत बर्फावरून जातात. वाट चुकू नये म्हणून नाताळ झाल्यावर घराघरांतली ख्रिसमसची झाडं जमा करून बर्फात ओळीने रोवतात. बर्फ पातळ राहिला, तर बाजारहाटाला छोटं विमान.